समुद्रकाठच्या जंगलात खाण्याजोगी अळंबी कशी शोधायची, अगदी पहिल्यापासून

पहिल्यांदा अळंबी शोधायला गेलो तेव्हा चार तास मान खाली घालून फिरलो. मान आखडली, बूट भिजले, आणि बास्केटमध्ये सतरा प्रकारचं कायकाय गोळा झालं होतं, लाल, तपकिरी, चिकट, छत्रीसारखं, कानासारखं, मला तर वाटलं आज लॉटरीच लागली. सोबत एक काका होते, कित्येक वर्षं हेच करणारे, त्यांनी ती बास्केट घेतली, एका आडव्या ओंडक्यावर पालथी केली, एकेक उचलून बघितलं आणि सगळंच्या सगळं मागे झाडीत भिरकावलं. एकपण ठेवलं नाही. मग म्हणाले, "चार तासांत तू वर किती वेळा बघितलंस रे?" वर म्हणजे झाडांकडे. एकदाही नाही.

अळंबी शोधायची म्हणजे आधी झाड शोधायचं, हे तेव्हा कळलं. आणि दुसरी गोष्ट त्या भिरकावलेल्या सतरा प्रकारांवरून कळली, की पहिल्या वर्षी एकच अळंबी शिकायची, पण ती अशी शिकायची की झोपेतून उठवून हातात दिली तरी ओळखता आली पाहिजे. आपण आत्याला गर्दीत पाठमोरी बघूनसुद्धा ओळखतो ना, नाक-डोळे तपासत बसत नाही, तसं. खालचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

निघायच्या आधी

कुठली एक अळंबी शिकायची? थंड हवेच्या किनाऱ्यावर, जिथे पाइन, फर, स्प्रूस, ओक, बीच असली झाडं आहेत, तिथे माझं उत्तर एकच, शॅन्टरेल. पिवळीधमक, जर्दाळूच्या रंगाची. हिला ओळखायच्या खुणा ठळक आहेत, किडे फारसे लागत नाहीत, आणि हिच्याशी गल्लत होणारे प्रकार मोजकेच आहेत, ते पाठ करता येतात. ऑरेगॉन राज्याने तर १९९९ साली पॅसिफिक गोल्डन शॅन्टरेलला आपली राज्य-अळंबीच करून टाकलंय, यावरून त्या किनाऱ्यावर तिचं काय कौतुक आहे ते बघा. तुमचा किनारा गरम आणि धो धो पावसाचा असेल तर शॅन्टरेलवर अडून बसू नका, तिथे वाळवीच्या वारुळावर उगवणारी टर्मिटोमायसीस जातीची अळंबी जास्त ओळखीची असते, तिचा दांडा जमिनीत खोलवर वारुळापर्यंत मुळासारखा गेलेला असतो. अळंबी कुठलीही घ्या, शिकायची पद्धत हीच.

मग शिकवणारा माणूस शोधा. पुस्तक घ्याच, पण तुमच्या भागासाठी लिहिलेलं घ्या, कारण एका खंडातली बिनधास्त खायची अळंबी दुसऱ्या खंडातल्या विषारी अळंबीसारखी हुबेहूब दिसू शकते आणि दुसऱ्या देशातून आलेले लोक याच कारणाने फसतात, आयुष्यभर घरी जे खाल्लं तेच समजून नव्या देशात भलतंच उचलतात. फोटो काढून नाव सांगणारी ॲप्स मी पण वापरतो, पण "हे काय असेल बुवा" एवढ्यापुरतीच. ॲपला वास येत नाही, दांडा मोडल्यावर आत काय दिसतं ते कळत नाही, जमिनीखाली काय राहिलं ते तर नाहीच नाही. ॲपने हो म्हटलं म्हणून तव्यावर टाकली असं करू नका.

परवानगीचं पण आधीच बघा. काही सरकारी जंगलांत घरापुरतं वेचायला चालतं, काही ठिकाणी परमिट लागतं, काही ठिकाणी दिवसाला किती न्यायचं त्याची मर्यादा असते, आणि राखीव क्षेत्रांत एक तुकडा उचलला तरी दंड. खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारा.

सामान जास्त लागत नाही. पाटीसारखी उघडी बास्केट किंवा जाळीची पिशवी, प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, तिच्यात अळंबी घामेजते आणि घरी पोचेपर्यंत चिखल होतो. एक छोटी सुरी, एक मऊ ब्रश, चार-पाच कागदी पिशव्या (अनोळखी नमुने वेगळे ठेवायला, खायच्या अळंबीबरोबर एकाच बास्केटमध्ये कधीच टाकायचे नाहीत, तुकडे मोडतात आणि मिसळतात). शिट्टी, पाणी, डोक्याला लावायची बॅटरी, जीपीएस आणि त्याच्या जोडीला साधं होकायंत्र. मान खाली घालून फिरणारा माणूस कसा हरवतो हे तुम्हाला हरवल्यावरच कळेल, वीस पावलं इकडे, दहा तिकडे, वर बघितलं की सगळी झाडं सारखी, आणि किनाऱ्यावर धुकं तर सांगून येत नाही. शिकारीचा हंगाम असेल तर भडक रंगाचं जाकीट घाला. परत येताना वाळूवरून शॉर्टकट मारायचा असेल तर भरतीची वेळ बघून निघा.

कधी जायचं

पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी धावत गेलात तर हात हलवत परत याल. जमिनीखाली बुरशीचं जाळं असतं, तेच तिचं खरं शरीर, आपण जी खातो ती फक्त तिची फळं. जमीन आतपर्यंत भिजली पाहिजे, मग त्या जाळ्याला फळ धरायला वेळ लागतो. मी चांगला मुरवणीचा पाऊस झाला की दहा दिवस ते दोन आठवडे सोडून जातो. शॅन्टरेल तर फारच निवांत, एकदा उगवली की कित्येक आठवडे हळूहळू वाढत तिथेच उभी असते, त्यामुळे छोटी दिसली तर ठेवून द्या आणि पंधरा दिवसांनी या. पोर्चिनी या दुसऱ्या खाण्याच्या अळंबीचं उलटं, तिला दोन-चार दिवसांत अळ्या पोखरून टाकतात, तिच्यासाठी धावपळ करावी लागते.

थंड प्रदेशात मुख्य हंगाम पानगळीचा, म्हणजे पहिला मोठा पाऊस ते पहिलं कडक हिव पडेपर्यंत. इथेच समुद्राचा फायदा. समुद्राजवळ तापमान फार खाली जात नाही, हिव उशिरा पडतं किंवा पडतच नाही, म्हणून आतल्या डोंगरांत सगळं गोठून गेलेलं असताना किनाऱ्यालगत अजून अळंबी मिळत असते. आणि धुकं. समुद्रावरून आलेलं धुकं झाडांच्या सुयांसारख्या पानांवर अडतं, त्याचे थेंब होऊन खाली टपटपत राहतात, पाऊस नसतानाही झाडाखालची जमीन ओली राहते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची रेडवूडची महाकाय झाडं कोरडा उन्हाळा याच पाण्याच्या जोरावर काढतात. अशा जंगलात पाऊस कमी झाला तरी धुक्याच्या वाटेवरचे उतार आधी बघा.

झाड वाचायला शिका

बऱ्याचशा चांगल्या खाण्याच्या अळंब्या, शॅन्टरेल, पोर्चिनी, हेजहॉग, मात्सुताके, या झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगतात. बुरशी मुळांना पाणी आणि खनिजं आणून देते, झाड तिला साखर देतं. म्हणूनच यांची शेती करणं इतकं अवघड आहे, झाडाशिवाय त्या जगतच नाहीत. आणि म्हणूनच झाड चुकलं की तुम्ही दिवसभर फिरा, काही नाही.

कुठल्या भागात कुठलं झाड ते तुम्हालाच शिकावं लागेल पण अंदाज देतो. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर शॅन्टरेल डग्लस फर, वेस्टर्न हेमलॉक, सिटका स्प्रूसखाली, आणि खाली कॅलिफोर्नियात कोस्ट लाइव्ह ओकखाली, तिथल्या काही शॅन्टरेल एकेक किलोच्या वर भरतात. युरोपात बीच, ओक, बर्च, पाइन, स्प्रूस. शिंपल्यासारखी ऑयस्टर अळंबी मात्र वेगळ्या घराण्यातली, ती मेलेल्या लाकडावर जगते, तिला शोधायचं तर पडलेले ओंडके आणि सुकलेली खोडं बघायची.

आता प्रत्यक्ष. समुद्राकडून आत चालायला लागा. अगदी पुढची, खाऱ्या वाऱ्याने वाकडी झालेली झुडपांची रांग असते तिथे मी वेळ घालवत नाही. तिच्या मागे, वाऱ्याचा मारा कमी झाला की झाडं सरळ उंच दिसायला लागतात, तिथून खरं काम सुरू. वाळूच्या टेकड्यांवर वाढलेल्या पाइनखाली पोर्चिनी मिळते, पण वाळू पाणी धरत नाही, पाऊस थांबला की तिथलं लवकर आटपतं, म्हणून वाळूवरचं जंगल पावसाच्या दिवसांतच बघून घ्या आणि कोरडे दिवस आले की आतल्या शेवाळाच्या उतारांवर जा.

मी काय बघतो तर, मोठी झालेली झाडं, पण खाली थोडा उजेड पोचतोय असं. जमिनीवर शेवाळ आणि सुयांचा जाड थर. उतार, कारण पाणी साचलेलं नको, ओलावा मात्र हवा. जुन्या पायवाटांच्या कडा, जिथे माती थोडी उघडी आहे. गवताने किंवा काटेरी जाळीने जमीन गच्च भरली असेल तर सोडून पुढे. आणि रस्त्याच्या कडेला, जुन्या कारखान्याच्या आवारात, औषध फवारलेल्या जमिनीवर कितीही सुंदर उगवलेली असो, हात लावू नका, अळंबी जमिनीतला पारा, कॅडमियम वगैरे जड धातू शोषून साठवून ठेवते आणि ते धुऊन जात नाही.

चालायचं कसं

हळू. अजून हळू. माझ्याबरोबर जे नवीन येतात ते सगळे ट्रेकला आल्यासारखे चालतात. अळंबी शोधताना तासाभरात एक छोटा उतार झाला तरी खूप झालं. उतारावर खालून वर चढत जा, म्हणजे पानांखालून डोकावणाऱ्या टोप्यांच्या कडा डोळ्यांच्या पातळीला येतात, वरून खाली बघितलं तर पानंच दिसतात. मधूनमधून खाली बसा, उकिडवे, आणि जमिनीला समांतर नजर फिरवा. पहिली दिसली की लगेच झेप घेऊ नका, तिथेच थांबा, कारण पहिली कधीच एकटी नसते आणि दुसरी बहुतेक वेळा तुमच्या बुटाखाली असते (मला विचारा). झाडाच्या भोवती गोल फिरा, मग तशाच दुसऱ्या झाडाकडे. पानांचा थर कुठे फुगल्यासारखा दिसतोय, आतून कोणीतरी ढकलल्यासारखा, तिथे हळूच बोटाने बाजूला करून बघा आणि बघून झालं की परत झाका. दाताळं घेऊन सगळी जमीन ओरबाडणारे लोक असतात, त्यांनी एक ठिकाण संपवलं की पुढची कित्येक वर्षं तिथे काही येत नाही.

कापायची की उपटायची यावर लोक तासन्‌तास भांडतात. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून २९ वर्षं चाललेला एक अभ्यास आहे, त्यात वेचण्यामुळे पुढच्या वर्षांची अळंबी कमी झालेली दिसली नाही, कापा नाहीतर उपटा, फरक नाही. पण पायाने तुडवलेल्या जागी अळंबी उगवणं कमी झालेलं दिसलं. म्हणजे भांडण सुरीवरून आणि नुकसान बुटाने. माझा नियम साधा आहे, अनोळखी असेल तर मुळापासून अख्खी काढायची, ओळखीची असेल तर कापायची म्हणजे बास्केटमध्ये माती येत नाही.

ओळख पटवणं

इथे घाई नाही. शॅन्टरेल वाटणारी काहीतरी सापडली, आता काय बघायचं?

पहिलं, ती कशावर उगवलीय. शॅन्टरेल जमिनीतून येते, सुटी सुटी, फार तर दोन-तीन जवळजवळ. लाकडातून एकाच बुडख्यातून घोसच्या घोस आलाय तर ती शॅन्टरेल नाही. लाकूड जमिनीखाली गाडलेलं पण असू शकतं, म्हणून बोटाने उकरून बघा.

दुसरं, टोपीच्या खाली. बाजारातल्या पांढऱ्या मशरूमला खाली वहीच्या पानांसारखे सुटे पातळ पडदे असतात, त्यांना गिल्स म्हणतात. शॅन्टरेलला ते नसतात. तिला असतात बोथट सुरकुत्या, वितळत्या मेणबत्तीवर ओघळ आल्यासारख्या, फाटे फुटलेल्या, आणि त्या दांड्यावर खाली उतरत जातात. नखाने सोलून बघा, खरे गिल्स सुटे निघतात, शॅन्टरेलच्या सुरकुत्या मांसाचाच भाग असल्यामुळे निघत नाहीत. ही खूण सगळ्यात महत्त्वाची आणि फोटोत सगळ्यात फसवी, म्हणून दहा-वीस हातात घेऊन बघितल्याशिवाय डोळा बसत नाही.

तिसरं, उभी चिरा. आतून पांढरट, भरीव, आणि दांडा उभा फाडला तर तंतू तंतू सुटतात. आतून पण गडद केशरी असेल तर टाकून द्या. चौथं, वास. ताज्या शॅन्टरेलला जर्दाळूसारखा फळाचा वास येतो, पण सर्दी झाली असेल किंवा अळंबी फार भिजली असेल तर यावर भरवसा नको.

आता हिच्यासारख्या दिसणाऱ्या. खोटी शॅन्टरेल, हायग्रोफोरॉप्सिस, हिचे गिल्स पातळ, खरे, दाटीवाटीचे आणि जास्त केशरी, टोपी मऊ पातळ, मधे तपकिरी झाक. हिने काही लोकांचं पोट बिघडतं. दुसरी जॅक ओ लँटर्न, लाकडावर घोसाने, धारदार गिल्स, आतून केशरी, हिने उलट्या जुलाब असे होतात की माणूस परत जंगलाचं नाव काढणार नाही. तिसरी खरी भीतीची, कॉर्टिनेरियस कुळातल्या काही केशरी-तपकिरी जाती, त्यांना खरे गिल्स असतात आणि बीजाणूंची पूड गंजासारखी तपकिरी. यांतलं ओरेलॅनिन नावाचं विष किडनीवर जातं आणि लक्षणं दोन-तीन दिवसांपासून ते तीन आठवड्यांनंतर दिसतात, तोपर्यंत तुम्ही काय खाल्लं होतं तेच विसरून गेलेले असता.

स्पोअर प्रिंट काढायला शिका, मजा पण येते. टोपी कापून गिल्स खाली करून अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर ग्लास उपडा घाला, रात्रभर सोडा. सकाळी बीजाणूंची पूड सांडून नक्षी तयार होते आणि तिचा रंग ओळखीला कामाला येतो. गरम प्रदेशात हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम ही मोठी पांढरी छत्री खाऊन बरेच लोक आजारी पडतात, ती दिसायला अगदी खाण्यासारखी, पण प्रिंट हिरवट येते, म्हणजे एका रात्रीचा धीर धरला असता तर वाचले असते.

ज्या मारतात

डेथ कॅप. अमानिता फॅलॉइडीस. टोपी फिकट हिरवट-पिवळसर, कधी जवळजवळ पांढरी, खाली पांढरे गिल्स, दांड्यावर झालरीसारखी अंगठी, आणि दांड्याच्या बुडाशी जमिनीत पांढरी पिशवी. ही पिशवीच मुख्य खूण, आणि सुरीने वरून कापली तर ती जमिनीतच राहते, म्हणून अनोळखी अळंबी मुळापासून काढायची. मूळची युरोपातली, झाडांच्या मुळांबरोबर जगभर गेली, कॅलिफोर्नियात तिची पहिली नोंद १९३८ मधली, मॉन्टेरे या किनाऱ्यावरच्या गावातली. आता तिथे ती त्याच कोस्ट लाइव्ह ओकखाली उगवते ज्याच्याखाली लोक शॅन्टरेल शोधतात. म्हणजे झाड बरोबर ओळखलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, झाड फक्त जागा सांगतं, नाव नाही सांगत.

एक मध्यम डेथ कॅप मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरते. शिजवून, वाळवून, गोठवून तिचं विष जात नाही. चव चांगली असते, असं ती खाऊन जीव वाचलेल्या लोकांनीच सांगितलंय. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण काळी पडते, गोगलगायीने खाल्लीय म्हणजे चालते, साल निघाली म्हणजे बिनविषारी, हे सगळं साफ खोटं. लहानपणी आपण सगळ्या छत्र्यांना सरसकट "कुत्र्याची छत्री" म्हणून लाथ मारायचो ते एका अर्थी जास्त सुरक्षित होतं.

हिचीच बहीण डिस्ट्रॉइंग एंजल, पूर्ण पांढरी. आणि गॅलेरिना, ही तर बघितली पण जात नाही, छोटीशी तपकिरी, कुजक्या लाकडावर, आणि विष डेथ कॅपवालंच. छोट्या तपकिरी अळंब्यांच्या नादी लागू नका हा जगभरच्या शोधणाऱ्यांचा जुना नियम आहे. पॅसिफिक किनाऱ्यावर मात्सुताके शोधणाऱ्यांनी अमानिता स्मिथियाना पण शिकली पाहिजे, पांढरी, जाडजूड, किडनी खराब करणारी, आणि मात्सुताके उगवते त्याच जंगलात. पांढरे गोळे, म्हणजे पफबॉल, दिसले तर उभे कापा, आत एकसारखा पांढरा गोळा पाहिजे. आत छोट्या छत्रीची आकृती दिसली तर ते अमानिताचं, म्हणजे डेथ कॅपच्याच कुळाचं, न उघडलेलं अंडं आहे.

एवढं वाचून हात लावायची पण भीती वाटली असेल तर, हात लावून विषबाधा होत नाही, खाल्ल्याने होते. बिनधास्त उचला, वास घ्या, कापा. शिकायचं असेल तर विषारी जास्त हाताळा.

पुढच्या वर्षी

शॅन्टरेल पक्की झाली की हेजहॉग घ्या, टोपीखाली गिल्सऐवजी बारीक काटे लोंबतात, मांस पांढरट-पिवळसर, जीवघेणी गल्लत होईल असं तिच्यासारखं काही नाही. मग पोर्चिनी, खाली स्पंजासारखी भोकं, दांड्याच्या वरच्या भागावर पांढरट जाळी, स्पंज लाल असेल किंवा कापल्यावर निळं पडत असेल तर नवशिक्याने सोडून द्यावं. हिच्यासारखीच एक कडू जात आहे, एक घुसली तरी अख्खं पातेलं कडू. हिवाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत ओल्या शेवाळात, कुजलेल्या ओंडक्यांच्या आसपास पोकळ पिवळ्या दांड्याची छोटी यलोफूट.

ऑयस्टर रुंद पानांच्या झाडाच्या मेलेल्या लाकडावर. सूचीपर्णी लाकडावर तिच्यासारखीच पातळ, शुभ्र एंजल विंग्ज उगवते, ती पूर्वी लोक खायचे, पण २००४ साली जपानमध्ये ती खाऊन पन्नासहून जास्त लोक आजारी पडले आणि १७ गेले, त्यांतल्या बहुतेकांना आधीपासून किडनीचा विकार होता. जुन्या पुस्तकात "खाण्यायोग्य" लिहिलेलं आहे एवढ्यावर जाऊ नका ते यासाठी.

घरी आल्यावर

सगळी बास्केट कागदावर ओता आणि एकेक परत तपासा, जंगलात संध्याकाळच्या उजेडात आणि उत्साहात एखादी चुकीची आत गेलेली असतेच. शंका आली की बाहेर. सोबतच्याने शंका घेतली तरी बाहेर, वाद घालायचा नाही. कच्ची खाऊ नका, कुठलीच. शॅन्टरेल कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर टाका, ती बदाबदा पाणी सोडेल, ते पाणी आटू द्या, मग बटर आणि मीठ. आधीच बटर टाकलं तर उकडल्यासारखी होते, चव जाते.

नवी जात पहिल्यांदा खाताना दोन-चार तुकडेच, एकच जात, आणि मग एक दिवस थांबा, कारण चांगल्या अळंबीचीही एखाद्याला ॲलर्जी असते. त्या दिवशी दारू नको, इंकी कॅप नावाची एक अळंबी आहे जी एरवी चालते पण दारूबरोबर माणूस लालबुंद होऊन धडधडायला लागतो. लहान मुलांना, गरोदर बाईला आणि पाहुण्यांना नवीन प्रयोग वाढू नका. आणि न शिजवलेल्या दोन अळंब्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, वर तारीख टाकून. ही सवय मी कधी मोडत नाही.

ती कशासाठी ते सांगतो. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या झाल्या तर त्रास होतो पण बऱ्याचदा त्या अळंब्या जीव घेणाऱ्या नसतात. सहा ते बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू झालं तर ते जास्त भीतीचं, डेथ कॅपचं वेळापत्रक तेच आहे. मात्र एकाच वेळी दोन जाती पोटात गेल्या असतील तर लवकर झालेल्या उलट्यांवरून निश्चिंत होता येत नाही. डेथ कॅपमध्ये जोरात जुलाब-उलट्या, मग एखादा दिवस एकदम बरं वाटतं, माणूस म्हणतो सुटलो, आणि आत लिव्हर संपत असतं. म्हणून बरं वाटण्याची वाट बघायची नाही. चुकीचं खाल्लंय असा नुसता संशय आला तरी, लक्षण नसतानाही, थेट हॉस्पिटलला. किती वाजता खाल्लं ते सांगा, फ्रिजमधला नमुना आणि ताटात उरलेलं बरोबर घ्या, आणि ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना घेऊन जा. घरगुती उपाय करत, मिठाचं पाणी पाजत बसू नका.

राहिलं एक, वही. चांगली जागा सापडली की जीपीएसचा पॉइंट तर घ्याच, पण हाताने लिहा: तारीख, कुठलं झाड, किती मोठं, उतार कुठल्या दिशेला, शेवटचा मोठा पाऊस कधी झाला होता, शेवाळ होतं की नुसत्या सुया. तेच जाळं त्याच मुळांवर वर्षानुवर्षं असतं, जागा पुढच्या वर्षीही चालते. माझ्या वहीत दोन वाकड्या हेमलॉकमधला एक उतार आहे, सात वर्षं झाली, पाऊस झाला की बरोबर तेराव्या-चौदाव्या दिवशी जातो. कुठे आहे ते मात्र विचारू नका, त्या काकांना पण अजून सांगितलेलं नाही.